सहाशे चाळीस

आधी धुवायची. मग पुन्हा धुवायची.
तेल्मो, घाई नको, ही भाड्याची व्हॅन नाही.
एकाहत्तरची मर्सिडीज आहे, गर्द हिरवी,
क्लेरमाँहून दर ऑगस्टला पिरनीज ओलांडून
व्हियानापर्यंत यायची,
मागच्या काचेशी चीजची खोकी,
टपावर कुणाच्या तरी आईसाठी शिवणयंत्र.

ही चिकणमातीची वडी ओली कर, बोनेटवर फिरव.
खरखर लागते ना हाताला? समुद्र आहे तो.
एकवीस वर्षं गोठ्यात झाकून उभी होती,
तरी मीठ कौलांतून उतरतंच इथं.
खरखर थांबली की तूही थांब.
वडी उलटून बघ :
आपण श्वास घेतो ती हवा.

आता फडकं. हिरवं झालं तर घाबरू नकोस.
या जुन्या रंगावर वरून काचेसारखा थर नसतो,
चोळशील तितका तोच निघून हातात येतो.
म्हणून आधी मोजायचं.
यंत्र टेकव, आकडा चिकटपट्टीवर लिही,
पट्टी त्या त्या पत्र्यावर लाव.
बोनेट, एकशे दहा.
उजवी दारं, एकशे पाच, एकशे सात.
छप्पर ब्याण्णव. उन्हानं खाल्लंय, तिथं हात हलका.
मागचं डावं दार
सहाशे चाळीस.

पुन्हा टेकव.
यंत्र बरोबर आहे.

दिवा आडवा धर, अगदी पत्र्याला लावून.
दिसलं? हिरव्यात किंचित निळं,
वेलीवर मोरचूद फवारल्यासारखं.
खाली लांबी भरलेली आहे.
हात चांगला होता कुणाचा तरी,
आणि पैसे रोख मिळाले असणार.

आर्मिंदू सेर्केइरा तीस वर्षं कॅफेत सांगत आले :
फ्रान्सचा बर्फ, स्पेनचे ट्रकवाले,
आणि गाडीवर एक ओरखडा नाही.
मी तेव्हा सोड्याच्या खोक्यावर बसून ऐकायचो.
उजव्या दारात तोंडं वेडीवाकडी करून बघायचो आम्ही पोरं,
ते हसायचे, रागवायचे नाहीत.
गाडी मात्र नेहमी
डावी बाजू चॅपलच्या भिंतीला चिकटवून लावायचे
आणि स्वतः पोट आवळून, गिअरवरून पाय काढत,
बायकोच्या मागून उजव्या दारानं उतरायचे.
आम्हाला वाटायचं, सावलीसाठी.

चार वाजता लियोनिल्द आली,
औषधाच्या दुकानातली पांढरी चप्पल पायात तशीच.
गाडीभोवती फिरत पट्ट्या मोठ्यानं वाचू लागली.
"मार्क दिलेत का बाबांना?"
जाडी आहे, म्हटलं. रंगाची.
छपरापाशी ती च् च् करते.
डाव्या दारापाशी वाचणं थांबतं.
"इथं बरेच थर दिसतात."
हो, म्हटलं, इथं बरेच आहेत.

तेल्मो माझ्याकडे बघत होता.
मी त्याला बादलीतलं पाणी बदलायला पाठवलं.

तिनं चष्मा कपाळावर सरकवला होता,
दिवा तर मी केव्हाच विझवलेला.
तरी तिचा हात न चाचपडता
दाराच्या खालच्या कडेला गेला,
बरोबर लांबी सुरू होते तिथं,
आणि तिथंच राहिला.
मागच्या सीटवर डावीकडे कोण बसायचं,
ते मी विचारलं नाही.

"शनिवारी लियाँचा माणूस येईल," ती म्हणाली.
"तो मोजेल का?"
मोजेल. यंत्र असतं त्यांच्याकडे.
"मग मोजू दे," म्हणाली,
आणि दुकान उघडं टाकून आलेय म्हणत गेली.

पट्ट्या काढू का, तेल्मो विचारतो.
काढ. आकडे वहीत आहेत.
आता मेण. बोटभर घे, गोल नको, लांब लांब ओढ.
त्या दारावर जरा जास्त लावू?
नको.
बाकीच्यांना लावतोस तेवढंच.